खू कोंगसी (जॉर्ज टाउन)

मलेशियातील पेनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहराच्या जुन्या वस्तीत असलेले खू आडनावाच्या चिनी भावकीचे कुलमंदिर. एका आडनावाच्या लोकांनी सामाईक पैशातून चालवलेली संस्था म्हणजे कोंगसी. परमुलखात आलेल्या नवख्याला आधार तिचाच. चीनच्या फूज्येन प्रांतातील सिन कांग गावाहून आलेल्या खू मंडळींनी १८५१ मध्ये येथे आपले पहिले सभागृह थाटले. व्यापारात पैसा आला तसे ते त्यांना लहान वाटू लागले. १८९८ च्या सुमारास त्या जागी नवे, भव्य मंदिर उभे राहिले आणि १९०१ मध्ये ते जळाले. बादशहाच्या राजवाड्याशी बरोबरी केल्याने देव कोपले, अशी गावगप्पा तेव्हा उठली. खू मंडळींनी ती निम्मी मानली असावी : पुढचे मंदिर त्यांनी थोडे आवरते घेतले. १९०६ मध्ये पूर्ण झालेले ते मंदिर म्हणजे आजची वास्तू. हे आवरते रूप असेल, तर आधीचे काय असेल, हा विचार पाहणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

कॅनन स्ट्रीटवरून जाताना मंदिर दिसतच नाही. चाळीसारख्या सलग घरांमधील अरुंद बोळातून आत शिरले की एकदम फरसबंद चौक लागतो आणि समोर मंदिर. शत्रू टोळ्यांशी दंगली होण्याच्या काळात ही आडवळणाची रचना सोयीची होती.

खरे पाहण्याजोगे ते छप्पर. कडेला वर वळलेल्या आढ्यांवर ड्रॅगन, फीनिक्स, फुलझाडे आणि कथांमधील पात्रे दाटीवाटीने बसवली आहेत. हे रंगकाम नाही. चिनीमातीची रंगीत भांडी पकडीने फोडायची, हव्या त्या आकाराच्या कपच्या काढायच्या आणि त्या ओल्या गिलाव्यात एकेक रोवायच्या, अशी ही कारागिरी. ड्रॅगनचे प्रत्येक खवले म्हणजे एखाद्या वाटीचा तुकडा. वाटीची मूळ गोलाई त्याला आपोआप फुगीरपणा देते. यासाठी चीनमधून कारागीर आणवले होते.

मधल्या दालनात कुलदेवता, एका बाजूच्या दालनात पूर्वजांच्या नावपट्ट्या, दुसऱ्या बाजूला भरभराटीचा देव तुआ पेक काँग. भिंतींवर मात्र भावकीतल्या कर्तबगारांच्या पदव्यांचे व हुद्द्यांचे फलक झळकतात. परदेशी विद्यापीठाची पदवी मिळवलेला वंशजही तेथे सोनेरी अक्षरांत आहे. देवाच्या दारी इतकी उघड बढाई आपल्याला खटकेल, पण हे मंदिर देवासाठी जितके, तितकेच शेजारच्या कुळांना दाखवण्यासाठीही बांधलेले आहे.

भारतीय प्रवाशाची पावले ओसरीपाशी थबकतात. तेथे पगडी घातलेले दोन दगडी शीख पहारेकरी उभे आहेत. ब्रिटिश अमदानीत पेनांगच्या पेढ्यांवर आणि वाड्यांवर शीख रखवालदार ठेवण्याची रीत होती. चिनी शिल्पींनी दारावरच्या सिंहांप्रमाणे त्यांनाही कायमचे कामाला लावले.

समोरच्या बाजूला नाटकांचा रंगमंच आहे. खेळ देवांसमोर व्हावेत म्हणून त्याचे तोंड मंदिराकडे. मंदिराच्या तळमजल्यावर लहानसे संग्रहालय आहे. जॉर्ज टाउनचा जुना भाग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मंदिर आजही खू भावकीच्याच ताब्यात असून तिकीट काढून पाहता येते. आढ्यावरचे बारीक काम चौकातून नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. दुर्बीण असल्यास बरोबर न्यावी.