कचेरीतल्या यंत्राची बोली

राज्यात कोणाची भाषा चालते हे जाणून घ्यायचे असेल, तर दरबारातल्या कवीला विचारू नये. दफ्तरातल्या कारकुनाला विचारावे. कवी राजाला रुचेल त्या भाषेत स्तुती गातो आणि बिदागी घेऊन घरी जातो. कारकुनाला मात्र रोज तोच बोरू, तीच वही आणि तेच शब्द. म्हणून तर शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कचेरीतल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सिद्ध केले. पुढे कंपनी सरकारलाही १८३७ साली कायदा करून फारसीचे कचेरीतले आसन काढून घेण्याची वाट मोकळी करावी लागली. फारसी गेली, पण फडणीस आणि चिटणीस ही आडनावे अजून आपल्या शेजारी नांदत आहेत. कचेरीत शिरलेली भाषा अशी चिवट असते.

या दिवाळीला वाचकांना जी हकिकत सांगावयाची आहे, ती याच कुळातली आहे. फरक इतकाच, की कारकुनाच्या पुढ्यात आता वही नसून संगणक आहे. विषय जरा रुक्ष वाटेल. पण चकलीचाही पहिला घास कडकच लागतो. मी मराठी शाळेतला मास्तर. यंत्रविद्येचा अधिकार मला नाही. माझा एक जुना विद्यार्थी देशोदेशी शाखा असलेल्या एका कंपनीत संगणक सांभाळतो. नव्या शाखेतल्या यंत्रांवर कोणती भाषा घालावी, यावर त्यांच्याकडे दोन दोन दिवस खल चालतो, हे त्याने सांगितले तेव्हा मला हसू आले. मग मी या इतिहासात शिरलो, आणि हसू मावळले.

प्रत्येक संगणकात एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कागद कोठे ठेवावा, छापखान्याला केव्हा हाक मारावी, कोणाला कोणत्या खोलीत जाऊ द्यावे, ही सारी व्यवस्था तो पाहतो. काही बिनसले तर पडद्यावर चार शब्द लिहून वर्दी देतो. आता हा कारभारी कोणत्या भाषेत बोलणार? मालक एकटाच असेल तर प्रश्न सोपा आहे. पण ज्या कंपनीची एक कचेरी जर्मनीत, दुसरी जपानात आणि तिसरी स्पेनमध्ये आहे, तिने काय करावे?

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे विंडोज ९५ बाजारात आले १९९५ साली. त्या काळी या प्रश्नाचे उत्तर असे होते, की जितक्या भाषा तितके कारभारी. जर्मन विंडोज वेगळे, स्पॅनिश वेगळे. जपानी-चिनी लिपींत अक्षरे हजारो, तेव्हा त्यांची घडणच निराळी. अरबी आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यांची आणखी तिसरी. बाहेरून सारे सख्खे भाऊ, आत मात्र हाडेही सारखी नाहीत. जपानातली एक गंमत तर आजही पाहायला मिळते. कागदाचा पत्ता लिहिताना विंडोज जी उलटी तिरपी रेघ वापरते, तिच्या क्रमांकावर जपान्यांनी पूर्वीच आपल्या येन नाण्याचे चिन्ह बसवले होते. परिणामी जपानी पडद्यावर प्रत्येक कागदाचा पत्ता येन येन करीत पुढे सरकतो. कोणा परक्याला वाटावे, ही फाइल नसून सावकाराची चोपडी आहे!

गंमत येथे संपते आणि कंपनीची डोकेदुखी सुरू होते. कारभाऱ्यात काही दोष निघाला, की त्याला ठिगळ लावावे लागते. ठिगळे प्रत्येक भाषेची वेगळी, आणि बहुधा इंग्रजी ठिगळ आधी तयार. तोवर बाकीच्या शाखा थंडीत कुडकुडत बसणार. त्याहून मोठे संकट नावांचे. इंग्रजी विंडोजमध्ये कार्यक्रम ठेवण्याच्या खोलीचे नाव ‘प्रोग्रॅम फाइल्स’. जर्मन विंडोजमध्ये त्याच खोलीला ‘प्रोग्रामं’, आणि स्पॅनिशमध्ये ‘आर्चिवोस दे प्रोग्रामा’. सर्वांना मोकळीक द्यावयाची तर इंग्रजी यंत्राला ‘एव्हरीवन’ म्हणावे लागे, जर्मनाला ‘येडर’, फ्रेंचाला ‘तू ल मोंद’ आणि स्पॅनिशाला ‘तोदोस’. मुख्य कचेरीतल्या माणसाने सर्व शाखांसाठी एकच हुकूमनामा लिहून पाठवावा, तो आपल्या देशात बिनबोभाट चालावा आणि जर्मनीत पोचताच यंत्राने सांगावे, की या नावाचा इसम येथे राहत नाही.

वाचकहो, यात एक मोठी गोष्ट लपली आहे. यंत्राच्या पोटात त्या ‘एव्हरीवन’ला मुळी नावच नसते, त्याला एक क्रमांक असतो: ‘एस-१-१-०’. बर्लिन असो वा माद्रिद, हा क्रमांक बदलत नाही. जे नाव वाचून जर्मन यंत्र बुचकळ्यात पडे, त्याऐवजी हा क्रमांक लिहिला की हुकूमनामा कोठेही चालतो. शाळेच्या हजेरीपटावर एका मुलाचा क्रमांक सतरा असतो. त्याला आजी बाळ म्हणते, मित्र बंड्या म्हणतात, मास्तर आडनावाने हाक मारतात. क्रमांक एक, हाका तीन, आणि कोणाचेच अडत नाही. पंचाईत होते ती एका घरातली हाक हजेरीपटावर चढवली म्हणजे.

बेरजेचेच पाहा. एक्सेल नावाच्या हिशेबाच्या वहीत बेरीज करण्याचा हुकूम इंग्रजीत ‘सम’, जर्मनमध्ये ‘सुम’ आणि फ्रेंचमध्ये ‘सोम’. तरी म्युनिकच्या कारकुनाने केलेली वही पॅरिसमध्ये उघडली, की जर्मन हुकूम आपोआप फ्रेंच होऊन दिसतो. वहीच्या पोटात हुकूम ठेवण्याची रीत सर्वत्र एकच आहे. पडद्यावर येताना तो जिथल्या तिथली भाषा नेसतो. याच एक्सेलमध्ये मोठे हुकूमनामे लिहिण्याची जी भाषा होती, तिचेही १९९३ च्या सुमारास जर्मन, फ्रेंच असे अवतार निघाले होते. एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नीट चालेनात. एक्सेल ९७ पासून ते अवतार बंद झाले. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या, आणि दोहोंतून धडा एकच मिळाला: पाया सर्वांचा समान असावा, आणि बोली ज्याची त्याची.

हा धडा कारभाऱ्याच्या बाबतीत अमलात आला तो २००० च्या फेब्रुवारीत, विंडोज २००० बरोबर. जगभर एकच देह, आणि वर भाषेचा अंगरखा. मोठ्या कंपन्यांसाठी त्याची एक बहुभाषी आवृत्ती निघाली. खाली इंग्रजी पाया आणि वर हव्या तितक्या भाषा. एकाच यंत्रावर सकाळी जर्मन बाई बसली तर पडदा जर्मन, आणि दुपारी स्पॅनिश गृहस्थ बसले तर स्पॅनिश. शाखेतल्या कारकुनाला यंत्राची वर्दी समजेना, तर मुख्य कचेरीतला जाणकार तोच पडदा इंग्रजीत करून वाचू शकतो. ठिगळही एकच सर्वांना पुरते. मात्र ही आवृत्ती दुकानात सुटी मिळत नसे. घाऊक परवाने घेणाऱ्यांनाच ती मिळे. शिवाय कोपऱ्याकोपऱ्यांतून अंगरख्याखालचे इंग्रजी डोकावत असे. म्हणून कंपन्यांपुढे पेच उरलाच. अस्सल जर्मन आवृत्ती घ्यावी, की इंग्रजी पायावर जर्मन अंगरखा चढवावा? ज्यांची कचेरी एकाच देशात, त्यांनी बहुधा पहिला मार्ग धरावा आणि ज्यांचा कारभार दहा देशांत, त्यांनी दुसरा, हे शहाणपण तेव्हा रुजले. पुढे विंडोज व्हिस्टाने खोल्यांची नावे आत एकच ठेवून बाहेर पाट्या तेवढ्या बदलल्या, आणि २०१२ सालच्या विंडोज ८ पासून भाषेचा अंगरखा बहुतेक सामान्य ग्राहकांनाही खुला झाला.

येथवरची कथा कंपनीच्या सोयीची झाली. पण कारकुनाला काय वाटते? पुष्कळ कंपन्यांनी सरळ ठरवले होते, की सर्वत्र इंग्रजीच घालावे. स्वस्त पडते, आणि शिकतील हळूहळू. त्या ‘शिकतील’ या शब्दात जो तोरा आहे, त्याला काही देशांनी कायद्याने उत्तर दिले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या फ्रेंच भाषेच्या सनदेत १९९७ साली एक कलम आले. संगणकाची कोणतीही प्रणाली, आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा उल्लेख नाव घेऊन आहे, फ्रेंचमध्ये निघालेली असेल तर ती फ्रेंचमध्ये उपलब्ध असलीच पाहिजे. फ्रान्समध्ये १९९४ च्या तूबाँ कायद्याने नोकराला कामासाठी लागणारे कागद फ्रेंचमध्ये मिळण्याचा हक्क दिला. त्या हक्कावर बोट ठेवून जनरल इलेक्ट्रिकच्या वैद्यकीय यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे फ्रान्समधले कामगार न्यायालयात गेले, आणि २००६ साली व्हर्सायच्या अपील न्यायालयात जिंकले. कंपनीला सुमारे ५ लाख ८० हजार युरो मोजावे लागले. ज्याच्या हातून रोग्याचे यंत्र दुरुस्त व्हायचे, त्याला त्या यंत्राचा कागद नीट कळावा, ही मागणी अभिमानापुरती नव्हती. चुकीचा अर्थ लागला तर धोका कोणाच्या जिवाला, हे सांगावयास नको.

आणि मग आइसलंड. त्या बेटाची वस्ती तेव्हा पावणेतीन लाखांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात याहून अधिक माणसे निघतील. इतक्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी विंडोजचे भाषांतर करण्यास मायक्रोसॉफ्ट राजी नव्हती. आइसलंडचे सरकार मात्र हटून बसले. आमची मुले दिवसभर परक्या भाषेतल्या पडद्यापुढे बसली, तर घरची भाषा स्वयंपाकघरापुरती उरेल, हे त्यांचे भय होते. अखेर १९९९ साली तडजोड झाली. कंपनीने विंडोज ९८ आइसलंडी भाषेत आणण्याचे कबूल केले, आणि सरकारने चोरट्या नकला रोखण्याचे. नकला विकत घेतल्या जाव्यात ही कंपनीची इच्छा, आणि भाषा वापरली जावी ही सरकारची. दोन्ही मागण्या रास्तच होत्या.

हे वाचून आपण आपल्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे. मराठीच्या वाट्याला काय आले? पुष्कळ काही आले. जगातल्या सर्व लिपींना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, आणि तीत देवनागरीची मांडणी आपल्याच देशात ठरलेल्या इस्की संकेतावर बेतलेली होती. विंडोज २००० मध्ये देवनागरीला प्रथमच हक्काचे स्थान मिळाले. त्यासाठीचा ‘मंगल’ हा टंक घडवला कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. पुढे विंडोज एक्सपीच्या काळात मराठीचा अंगरखा फुकट उतरवून घेण्याचीही सोय झाली. मधल्या काळात भोगलेही पुष्कळ. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक टंकाचे संकेत निराळे असत. एका कचेरीतून आलेले परिपत्रक आमच्या शाळेतल्या यंत्रावर उघडले, की खडीच्या ढिगासारखी चिन्हे दिसत, आणि शिपायाला छापील प्रत आणायला धाडावे लागे. आणखी एक गोष्ट मास्तरच्या जिव्हारी लागणारी. मराठीत ‘आचार्यांना’ वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ वेगळे. तो आडवा अर्धा र ज्या यंत्राला उमगत नसे, त्याच्या लेखी गुरुजी आणि स्वयंपाकी एकाच पंगतीला बसत. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. मराठी मुलगा ते रोज लिहितो. पण युनिकोडच्या कोष्टकात त्याला स्वतंत्र घर मिळाले ते थेट २००८ साली. कोणी तरी मागितले, म्हणूनच मिळाले.

आज घर आहे, टंक आहे, अंगरखाही आहे. अंगात घालणारे मात्र थोडे. कारण शोधताना मला आढळले, की आळस हे अर्धेच उत्तर आहे. यंत्राने मराठीत वर्दी दिली, तर तिच्यावरचा उपाय शोधायला मराठीत मजकूर थोडा. तोच इंग्रजीत ढीगभर. भाषांतरही पुष्कळदा असे, की त्यापेक्षा इंग्रजी बरे! राज्यव्यवहारकोशापासून हा धोका आहेच. शब्द पंडिताने घडवायचा असतो, पण तो कारकुनाच्या तोंडात बसला पाहिजे. ‘फाइल’ला फाइलच म्हणावे आणि ‘जतन करा’ म्हणावे, ही तडजोड मला मानवते. आणि उपायांचा मजकूर आपण लिहिल्याखेरीज तो आकाशातून पडणार नाही. एका कारकुनाने आज केलेली मराठी टिपण उद्या दुसऱ्याचा तासभर वाचवते. भाषा अशा तासांवर जगते.

माझ्या विद्यार्थ्याने अखेर मलाच विचारले, की गुरुजी, तुम्ही असता तर कोणती भाषा घातली असती? मी सांगितले ते असे. पाया सर्वत्र एक ठेव. त्यात मानापमान आणू नकोस. नावांऐवजी क्रमांकांवर विसंबून राहा. पण वरचा पडदा कोणत्या भाषेचा, हे मुख्य कचेरीत बसून ठरवू नकोस; जो त्याच्यापुढे आठ तास बसणार आहे त्याला विचार. तो इंग्रजी म्हणाला तर इंग्रजी दे, कुरकुर करू नकोस. आणि मराठी म्हणाला, तर त्याला ती चांगली, नीट अर्ध्या र सकट मिळेल असे पाहा. त्याने हे कितपत मानले, ते कंपनीच्या हिशेबनिसांवर अवलंबून आहे. पण विचारण्याची पद्धत तरी त्याच्या कचेरीत सुरू झाली, असे तो म्हणतो. दफ्तरातल्या माणसाला त्याची भाषा विचारणे, एवढेही पुष्कळ कारभाऱ्यांना आजवर सुचले नव्हते.