पाण्याचा पोशाख

टोरांटोच्या बँटिंग इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. विल्बर फ्रँक्स कर्करोगावर संशोधन करत होते. त्यांच्या सेंट्रिफ्यूजमध्ये काचेच्या नळ्या वारंवार फुटायच्या. त्याच नळ्या मोठ्या भांड्यातल्या द्रवात ठेवून फिरवल्या, तर मात्र शाबूत राहायच्या. दुसरं महायुद्ध सुरू होताना फ्रँक्स यांना हीच युक्ती आठवली. त्यांनी उंदरांना पाणी भरलेल्या कंडोममध्ये ठेवून फिरवलं, आणि एरवी ज्या वेगाने ते मेले असते, त्या वेगातही ते जिवंत बाहेर आले. लढाऊ वैमानिकाच्या आजच्या जी-सूटची गोष्ट या उंदरांपासून सुरू होते.

अडचण जुनी होती. पहिल्या महायुद्धातही तीव्र वळण घेताना वैमानिकांना घेरी येत असे. पुढे 1920 च्या दशकात श्नायडर करंडकाच्या शर्यतींत विमानांचा वेग वाढला, तसे शर्यतीच्या मार्गावरच्या खांबांना वळसा घालताना डोळ्यांपुढे अंधार पसरल्याचे अनुभव वैमानिक सांगू लागले.

असं का होतं? हृदयापासून डोळ्यांपर्यंतचं अंतर जेमतेम दीड वीत. एरवी तेवढ्या उंचीवर रक्त चढवायला पाऱ्याचा सुमारे 22 मिलिमीटर इतका दाब खर्ची पडतो. विमान करकचून वळलं आणि शरीरावर 5 जी, म्हणजे पाचपट भार आला, की त्याच दीड वितीसाठी 110 मिलिमीटर लागतात. निरोगी माणसाचं हृदय एका ठोक्यात साधारण 120 चा दाब निर्माण करतं. उरलं काय? शिवाय डोळ्याच्या आतच सुमारे 20 मिलिमीटरचा दाब असतो. त्यावर मात केल्याशिवाय रक्त पडद्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी नजर जाते. रंग फिके पडतात, कडेचं दिसेनासं होतं, मग सगळंच काळं. या अवस्थेत वैमानिक शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येतं, विचारही करता येतो. भार आणखी वाढला, तर मात्र शुद्ध हरपते.

पोटाला आणि पायांना पाण्याचं वेष्टण असलं, तर विमान वळताना त्या पाण्याचंही वजन पाचपट होईल आणि रक्त जितक्या जोराने खाली ओढलं जाईल, तितक्याच जोराने पाणी त्याला बाहेरून दाबून धरेल, हा फ्रँक्स यांचा तर्क होता. झडप नको, पंप नको. पहिला पोशाख त्यांनी स्वतःच अंगावर चढवला आणि 1940 मध्ये विमानात बसले. शिंप्याने माप फ्रँक्स उभे असताना घेतलं होतं. विमानात मात्र ते बसलेले होते. विमानाने वळण घेताच पोशाख असा आवळला, की आपले दोन तुकडे होतात की काय, असं त्यांना वाटलं. स्वतःच्या शोधाची पहिली चाचणी स्वतःच्या देहावर घेणाऱ्या या माणसाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

या कामामागे उभे होते इन्शुलिनच्या शोधाचे मानकरी फ्रेडरिक बँटिंग. वैमानिकांच्या आरोग्याचा प्रश्न त्यांनी कॅनडात लावून धरला. फेब्रुवारी 1941 मध्ये इंग्लंडला निघालेलं त्यांचं विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं आणि त्यात ते गेले. त्याच वर्षी टोरांटोच्या एग्लिंटन हंट क्लबच्या आवारात, जिथे पूर्वी घोडेस्वारी चालायची, तिथे माणसाला बसवून गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज सुरू झालं. नोव्हेंबर 1942 मध्ये अल्जीरियातल्या ओरानजवळ ब्रिटिश नौदलाचे वैमानिक हा पोशाख घालून प्रत्यक्ष लढाईत उतरले.

पण पाणी जड असतं. हुकमाची वाट पाहत तासन्‌तास विमानात बसून राहणाऱ्याला ते ओझं आणि तो उकाडा सोसेना. सिडनीचे शरीरशास्त्रज्ञ फ्रँक कॉटन यांनी त्याच सुमारास हवेने फुगणारा पोशाख केला होता. अमेरिकेत मेयो क्लिनिकचे अर्ल वूड आणि त्यांचे सहकारी स्वतः सेंट्रिफ्यूजमध्ये बसून पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडत होते. सगळं अंग झाकायची गरज नाही, पोट, मांड्या आणि पोटऱ्या नेमक्या दाबल्या तरी पुरे, हे त्यातून स्पष्ट झालं. स्त्रियांची अंतर्वस्त्रं बनवणारी मॅसॅच्युसेट्समधली डेव्हिड क्लार्क कंपनी असे सूट शिवू लागली. अंगाला घट्ट बसणारं कापड कसं बेतायचं, हे तिथल्या कारागिरांना आधीच ठाऊक होतं. 1944 पर्यंत अमेरिकी वैमानिक हवेचे सूट घालून युरोपवर लढत होते.

आजचा सूटही मुळात तोच आहे, आणि तो एकट्याने वैमानिकाच्या सहनशक्तीत फार तर दीड जीची भर घालतो. 9 जीला सत्तर किलोचा माणूस 630 किलोचा होतो. हेल्मेटसकट डोकं सांभाळणंही मानेला जड जातं. म्हणून वैमानिकाला स्वतःच लढावं लागतं: पोटऱ्या, मांड्या, पोट आवळायचं, श्वास कोंडायचा, दर तीन सेकंदांनी झटकन सोडून पुन्हा भरायचा. सूटपेक्षा जास्त राखण हा श्वास करतो. नाशिकजवळच्या ओझरला बांधलेलं सुखोई-30 उडवणाऱ्यालाही यातून सूट नाही. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमधलं सेंट्रिफ्यूज भारतीय वैमानिकांकडून हेच घोटवून घेतं.

नव्या विमानांनी एक वेगळाच धोका आणला. त्यांच्यात भार इतक्या झपाट्याने वाढतो, की नजर अंधारण्याची पूर्वसूचनाच मिळत नाही. मेंदूत साठलेला प्राणवायू चार-सहा सेकंद पुरतो, मग माणूस एकदम कोसळतो. शुद्ध परत आली, तरी आपण कुठे आहोत हे उमजायला आणखी काही सेकंद जातात.

मे 2016 मध्ये ॲरिझोनावर एफ-16 उडवणारा एक शिकाऊ वैमानिक आठ जीहून अधिक भाराखाली असाच बेशुद्ध झाला. विमान नाक खाली करून ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जमिनीकडे झेपावलं. प्रशिक्षक रेडिओवर जिवाच्या आकांताने विमान सावरायला सांगत होता, पण ऐकणारं कुणी जागं नव्हतं. त्या विमानात दोन वर्षांपूर्वी रुजू झालेली स्वयंचलित यंत्रणा होती. जमीन जवळ आल्याचं ओळखून तिने विमान सरळ केलं आणि नाक वर उचललं. तेवढ्यात वैमानिकाला जाग आली, आणि त्याने स्वतःच्या हाताने दांडा मागे ओढला.