प्रतिध्वनिकक्ष

एखाद्या समुदायात एकच मत वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा कानी पडते, विरोधी मत पोहोचत नाही किंवा पोहोचले तरी आधीच बदनाम झालेले असते आणि सदस्यांचे मूळचे मत दिवसेंदिवस कडवे होत जाते. अशा समुदायाला ‘प्रतिध्वनिकक्ष’ ही संज्ञा लावतात. मराठीत ‘एको चेंबर’ असेही सर्रास म्हटले जाते. इंटरनेटच्या संदर्भात या कल्पनेला वजन मिळाले ते अमेरिकी कायदेपंडित कॅस सनस्टीन यांच्या २००१ मधील ‘रिपब्लिक डॉट कॉम’ या पुस्तकामुळे. जो तो आपल्याला हवे तेवढेच वाचू लागला, तर लोकशाहीला लागणारी सामायिक चर्चाच उरणार नाही, अशी त्यांची भीती होती.

या भीतीचा शास्त्रीय आधार मात्र संगणकाच्या आधीचा आहे. १९६१ मध्ये एमआयटीतील जेम्स स्टोनर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले, की एकेकटी माणसे जेवढी जोखीम पत्करायला तयार असतात, त्याहून जास्त जोखीम तीच माणसे चर्चेनंतर गट म्हणून पत्करतात. १९६९ मध्ये सर्ज मॉस्कोव्हिची आणि मारिसा झाव्हालोनी यांनी फ्रेंच विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. चर्चेनंतर फ्रेंच नेते द गॉल यांच्याविषयीचे अनुकूल मत आणखी अनुकूल झाले आणि अमेरिकनांविषयीची नाराजी आणखी वाढली. मानसशास्त्रात याला गट-ध्रुवीकरण म्हणतात.

सर्वांत बोलका प्रयोग २००५ मध्ये कोलोरॅडो राज्यात झाला. सनस्टीन, रीड हेस्टी आणि डेव्हिड श्केड यांनी उदारमतवादी बोल्डर आणि पुराणमतवादी कोलोरॅडो स्प्रिंग्ज या दोन शहरांतील नागरिकांना आपापल्या गावच्या छोट्या गटांत बसवले. विषय तीन होते: हवामानबदलाचा आंतरराष्ट्रीय करार, वंचित गटांना विशेष प्राधान्य आणि समलिंगी जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता. प्रत्येकाने आपले मत आधी गुप्तपणे नोंदवले, मग चर्चा झाली आणि नंतर पुन्हा गुप्त नोंद. बोल्डरचे लोक अधिक डावीकडे सरकले, कोलोरॅडो स्प्रिंग्जचे अधिक उजवीकडे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चर्चेपूर्वी एकाच गटात जे बारीकसारीक मतभेद होते, तेही पुष्कळसे पुसले गेले. चर्चेत कोणत्याही अल्गोरिदमचा हात नव्हता.

असे का होते, याची दोन कारणे सांगितली जातात. समविचारी गटात एकाच बाजूचे युक्तिवाद जास्त मांडले जातात. प्रत्येकाला आपल्या मताच्या समर्थनार्थ चार नवे मुद्दे मिळतात, विरोधातला मिळतो एखादाच. दुसरे कारण माणसाच्या स्वभावातले. चारचौघांत आपण निदान इतरांइतके तरी निष्ठावान दिसावे, असे प्रत्येकाला वाटते. मग पहिला जे बोलला त्याची दुसरा री ओढतो आणि तिसरा त्यावर कडी करतो.

इंटरनेटवर या दोन्ही प्रवृत्तींना हत्यारे मिळतात. रेडिट या २००५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळाचे उदाहरण घ्यावे. तेथे प्रत्येक प्रतिक्रियेखाली वर आणि खाली असे दोन बाण असतात. ‘चर्चेत भर घालत नाही’ ते खाली ढकलावे, असा मूळ संकेत. प्रत्यक्षात लोक ‘पटत नाही’ म्हणून खाली ढकलतात. पुरेशी उणी मते पडली की प्रतिक्रिया मिटून जाते, ती वाचायला मुद्दाम उघडावी लागते. लिहिणाऱ्याच्या खात्यावरचे गुणही घटतात. दोनचारदा असा प्रसाद मिळालेला सदस्य एकतर गप्प बसतो किंवा निघून जातो. तो गेला की गटाचे सरासरी मत आणखी एका बाजूला झुकते आणि मग काल जो मध्यममार्गी होता, तो आज विरोधक ठरतो. गळतीची ही साखळी प्रतिध्वनिकक्षाचे खरे यंत्र होय; शिफारस करणाऱ्या अल्गोरिदमला मिळते तेवढे श्रेय (किंवा दूषण) त्याला एकट्याला देता येत नाही.

रेडिटवरील ‘द_डोनाल्ड’ हा गट २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांनी काढला. गट केवळ समर्थकांसाठी आहे, असे नियमांतच नमूद होते आणि विरोधी सूर लावणाऱ्याला नियंत्रक बाहेरचा रस्ता दाखवत. जून २०१९ मध्ये हिंसेच्या धमक्यांवरून रेडिटने गटाला विलग केले, तर २९ जून २०२० रोजी तो बंद केला. तोवर बरेच सदस्य स्वतःच्या वेगळ्या संकेतस्थळावर गेले होते. या स्थलांतराचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा नव्या जागी वर्दळ घटलेली, पण भाषा अधिक विखारी झालेली आढळली.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये तर कोणता संदेश कोणाला दाखवायचा हे ठरवणारे यंत्रच नाही, तरी तेथेही हेच घडते. दहावीच्या बॅचचा किंवा सोसायटीचा ग्रुप कोणत्याही मराठी वाचकाच्या परिचयाचा असतो. एकाने राजकीय फॉरवर्ड टाकला की पाचसहा अंगठे उमटतात. एखाद्याने ‘याला आधार काय?’ विचारले तर ‘फॉरवर्डेड आहे’ एवढेच उत्तर येते, नाहीतर त्याच्यावर दहा जण तुटून पडतात. पूर्वी ग्रुप सोडणाऱ्याचे ‘लेफ्ट’ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उमटे, म्हणून भिडेखातर लोक टिकून राहत. २०२२ पासून त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते.

विरोधी मत कानावर न पडणे आणि पडूनही न पटणे यांत तत्त्वज्ञ सी. थी न्गुयेन यांनी २०२० च्या एका लेखात काटेकोर भेद केला आहे. पहिल्या स्थितीला ते बुडबुडा म्हणतात. नवी माहिती मिळाली की तो फुटतो. प्रतिध्वनिकक्षात मात्र बाहेरचा माणूस विकला गेलेला, कपटी किंवा मूर्ख आहे, हे सदस्याच्या मनावर आधीच बिंबवलेले असते. त्यामुळे बाहेरचा पुरावा हाच कटाचा पुरावा ठरतो. क्रिस बेल यांच्या २०१८ मधील प्रयोगाने याला दुजोरा मिळतो. अमेरिकी ट्विटर वापरणाऱ्यांना ११ डॉलर देऊन विरोधी बाजूचे संदेश पसरवणारे एक खाते महिनाभर फॉलो करायला लावले. रिपब्लिकन मंडळी त्यामुळे मवाळ होण्याऐवजी अधिकच पुराणमतवादी झाली. डेमोक्रॅट मंडळींत ठळक फरक दिसला नाही.

कल्पनेचा डंका मोठा असला तरी तिची व्याप्ती वादग्रस्त आहे. एलिझाबेथ दुबुआ आणि ग्रँट ब्लँक यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बहुतेक लोक अनेक माध्यमांतून बातम्या घेतात आणि थोडेच जण खऱ्या अर्थाने कोंडलेले असतात, असे दिसले. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये फेसबुकवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात २३ हजारांहून अधिक अमेरिकनांना दिसणारा समविचारी मजकूर तीन महिने सुमारे एकतृतीयांशाने कमी केला, तरी त्यांच्या राजकीय मतांत मोजता येईल असा बदल झाला नाही. संशोधनात फेसबुकच्या मालक कंपनीचा सहभाग होता, हे लक्षात ठेवलेले बरे. तरीही निष्कर्ष सहज झटकून टाकण्याजोगा नाही; कदाचित मते फीडमध्ये घडण्याआधी घरीदारी घडलेली असतात.

आपल्या पक्षाचेच पत्र वाचण्याची खोड जुनीच. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात टिळकांचा ‘केसरी’ आणि आगरकरांचा ‘सुधारक’ एकमेकांवर तुटून पडत होते. पण खंडन करायचे तर प्रतिपक्षाचे म्हणणे छापावे लागे, आणि त्या निमित्ताने ते आपल्या वाचकासमोर जाई.

प्रतिपक्षाचे म्हणणे समोर आणण्याचे असे बंधन इंटरनेटवरही नियमाने घालता येते. रेडिटवरच ‘चेंज माय व्ह्यू’ नावाचा गट २०१३ पासून चालू आहे. तेथे आपले मत मांडणाऱ्याला येणारी प्रत्येक थेट प्रतिक्रिया त्या मताला आव्हान देणारी किंवा खुलासा विचारणारी असावी लागते, मत बदलवणाऱ्याला ‘डेल्टा’ हे चिन्ह दिले जाते आणि मत मांडून तीन तासांत उत्तरे द्यायला जो येत नाही, त्याची पोस्ट काढून टाकली जाते.