सिंहगड : नाव आधी की बलिदान आधी? (थ्रेड)

दर रविवारी पहाटे आतकरवाडीच्या पायवाटेने गिरिप्रेमी आणि डोणज्याच्या घाटरस्त्याने सायकलस्वार सिंहगड चढतात. माथ्यावर पिठलं-भाकरी जशी ठरलेली, तशी एक कथाही ठरलेली : तानाजी पडले, महाराजांना सिंह गेल्याचे दुःख झाले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि किल्लेदार उदेभान राठोड दोघेही पडले, यात वाद नाही. वाद आहे तो नावाचा. खुद्द शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात हा किल्ला 'सिंहगड' म्हणूनच येतो. म्हणजे नाव लढाईच्या सुमारे सात वर्षे आधीचे!

मधल्या काळात, १६६५ च्या पुरंदर तहात, मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत हाही गेला. १६७० ची चढाई नव्या गडासाठी नव्हतीच. ती आपलाच गड परत घेण्यासाठी होती.

मग ते प्रसिद्ध वाक्य? १६९० च्या दशकातल्या सभासद बखरीत महाराजांच्या तोंडी सिंह नाही. एक गड हाती आला आणि एक गड गेला, अशी खंत तेथे आहे. गेलेला गड म्हणजे तानाजी. सिंहापेक्षा ही उपमा अधिक जिव्हारी लागते.

घोरपडही पोवाड्यातली. सभासदाचे मावळे वानरांसारखे, स्वतःच्या हातापायांनी कडा चढतात; आणि तेही रात्री. आज दिवसाउजेडी त्या कड्यावरून खाली पाहतानाही पाय मागे येतो.