टीका, बदनामी आणि पुरावा

१/ नांदेड-लातुरातील एखाद्या तरुणाने कंपनीच्या मालाचे परखड परीक्षण लिहिले, तर आज त्याला वकिलाची नोटीस येऊ शकते. या धाकाला दीर्घ इतिहास आहे.

२/ १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ने बदनामी हा गुन्हा ठरवला. लोकहितार्थ केलेले सत्यकथन मात्र अपवाद मानले. निजामाच्या राज्यात ही संहिता नव्हती. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर, १९५१ मध्ये ती मराठवाड्याला लागू झाली.

३/ पुण्याच्या पत्रकारांना तिची झळ १८८२ मध्येच बसली होती. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे छत्रपतींचा छळ करतात, असा आरोप 'केसरी' व 'मराठा'ने केला. आधारासाठी छापलेली पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

४/ पुढे दिवाणांच्या जागी कंपन्या आल्या. २०१८ मध्ये अभिजित भन्साळी यांनी पॅराशूट खोबरेल तेलाच्या शुद्धतेवर शंका घेणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. मॅरिको कंपनीने दिवाणी दावा लावला. जानेवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चित्रफीत हटवण्याचा अंतरिम आदेश दिला. फेब्रुवारीत खंडपीठाने काही बदलांच्या अटीवर त्याला स्थगिती दिली.

५/ दोन्ही प्रकरणांत प्रश्न एकच होता : विधानाला आधार काय?

६/ जुलै २०२४ पासून कलम ४९९ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ने घेतली. सत्याचा अपवाद कायम आहे. पण सत्य सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावरच आहे. कंपनीपाशी वकिलांची फौज असते. सामान्य परीक्षकापाशी जपून ठेवलेली पावती आणि चाचणीचा अहवाल, एवढेच.