रोखा कोणाच्या पेटीत?

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली आणि हे लोण पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. याला दंगा म्हणतात, पण चौकशी आयोगाला त्यात एक सूत्र दिसले. जमावाला हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते मुकाट्याने हाती पडले की बहुधा पुढे काही होत नसे. कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढला होता, ही संतापाची कारणे खरीच. तरी तो संताप कागदावर का निघाला, हे कळते व्यवहाराच्या रीतीवरून. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार साध्या रोख्याला तीनच वर्षे दाद मिळे, म्हणून सावकार मुदतीआधी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. कुळ निरक्षर, फेडीची पावती क्वचितच मिळे आणि कोर्टात बोलायचा तो रोखाच. कुळाच्या देण्याचा सारा तपशील सावकाराच्या पेटीत आणि तो पडताळायला कुळाजवळ काहीच नाही, हे खरे दुखणे होते.

कागद जाळून कर्ज फिटते का, असा आक्षेप कोणी घेईल. फिटत नाही; शिवाय नोंदीवाचून कोणी उधार देणारही नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने म्हणूनच नोंद मोडली नाही, तिच्यावरची सावकाराची मक्तेदारी मोडली. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, त्याला पावती, वार्षिक हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळावे, असे ठरले. पळवाटा निघाल्या, पण तत्त्व रुजले.

आज मोबाइलवरच्या कर्जात पेच उलटा झाला आहे. कर्जदार वाचू शकतो, पण न वाचता संमती देतो, आणि काही ॲप त्याच्या फोनमधल्या नातेवाइकांचे क्रमांकच वसुलीचे हत्यार करतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा ॲपना संपर्कयादी आणि कॉलची नोंद उघडण्यास मज्जाव केला. कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या व मित्रांच्या खासगी आयुष्यात वसुली एजंटाने घुसू नये, सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करू नये, असेही बजावले. एवढ्या बंधनांनी बुडव्यांचे फावेल, ही भीती अनाठायी आहे, कारण येणे किती आणि कोणाकडून हे सिद्ध करायला मामाचा नंबर लागत नाही. म्हणून फोन करणाऱ्याला आधार किंवा खात्याचा तपशील सांगण्याआधी त्याचे अधिकारपत्र आणि लेखी हिशेब मागणे हा कर्जबुडवेपणा नव्हे. लेखी हिशेबाचा हक्क तर दख्खनच्या शेतकरी ऋणकोला कायद्याने १८७९ मध्येच दिला होता.