काला अंब आणि खोटी तारीख

पानिपत शहराबाहेर काला अंब नावाचे स्थळ आहे. तेथील आंब्याचे झाड रणात सांडलेल्या रक्ताने काळवंडले, अशी लोकसमजूत. झाड आज नाही. त्याच्या स्मृतीचा स्तंभ तेवढा उभा आहे. दर वर्षी १४ जानेवारीला मराठी माणसे तेथे जमतात. महाराष्ट्रात त्याच सुमारास घरोघर तिळगूळ वाटला जातो. साहजिकच ‘१७६१ साली संक्रांतीच्याच दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ हे वाक्य वक्त्यांच्या ओठी येते, आणि आपण मान डोलावतो.

पण ते खरे आहे काय? माझ्या संगणकात पंचांगाचा एक प्रोग्रॅम आहे. त्याला केवळ ‘आज’ ठाऊक. दुसरी तारीख विचारण्याची सोय त्यात नाही. यंत्राचे घड्याळच मागे फिरवावे, तर त्या अवधीतील प्रत्येक नोंदीवर खोटी तारीख पडते. दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाला हे कसे रुचावे? यावर एक युक्ती आहे. प्रोग्रॅम वेळ विचारतो तो यंत्राच्या मूळ व्यवस्थेला. या दोहोंमध्ये एक मध्यस्थ बसवावा, आणि त्याने त्या एकट्याच्या कानात सांगावे, ‘आज १४ जानेवारी १७६१.’ उरलेले यंत्र वर्तमानातच राहते. अर्थात मापही पुरेसे मोठे हवे. युनिक्स पद्धतीत काळाची गणना १ जानेवारी १९७० पासून सेकंदांत होते. त्यापूर्वीचा काळ ऋण संख्येत. ३२ बिटांचे माप डिसेंबर १९०१ पाशीच संपते. ६४ बिटांच्या मापात १७६१ सहज मावते.

उत्तर आले ते असे : शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, सूर्य मकर राशीत सुमारे चार अंश पुढे गेलेला. म्हणजे संक्रांत १० जानेवारीलाच होऊन गेली होती! कारण सरळ आहे. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने ठरते, इंग्रजी वर्ष ऋतूंच्या. म्हणून सुमारे ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. पडताळाही हाताशी आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी.

मग हाती काय उरले? एक चमकदार वाक्य गेले खरे. परंतु त्याच्या जागी आलेले सत्य अधिक दारुण आहे. नोव्हेंबर १७६० पासून भाऊसाहेबांची छावणी पानिपतास अडकून पडली होती. अन्नाला मोताद झालेल्या त्या छावणीत संक्रांत येऊन गेली, आणि चौथ्या दिवशी ती माणसे उपाशीपोटी रणात उतरली. आपण आपल्या पंचांगातील सण त्यांच्या मरणदिनावर चिकटवितो, तेव्हा त्यांचे हे चार दिवस आपण पुसून टाकतो.

इतिहास वाचणाऱ्यानेही त्या मध्यस्थासारखेच वागावे. आपल्या मनाला जुनी तारीख सांगावी. दप्तराच्या तारखेला मात्र हात लावू नये.